लॅब जॉईन करण्याआधी हे वाच

बाळा,

तुझा मेल आला तेव्हा मी प्लेट्स स्टेन करत होते म्हणून लगेच उत्तर दिलं नाही, आणि नंतर वाटलं हे दोन ओळीत संपणारं नाहीच, त्यामुळे आता निवांत बसून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घे. तू विचारलंयस की युनिव्हर्सिटीच्या रेस्पिरेटरी व्हायरस लॅबमध्ये पीएचडीची जागा मिळालीये, जॉईन व्हायला महिना आहे, तोवर काय वाचू आणि कुठली टेक्निक शिकून येऊ. खरं सांगू का, टेक्निक तिथे कुणीही शिकवेल. पिपेट धरायला दोन दिवस, सेल्स नीट सांभाळायला दोन महिने, प्लाक ॲसे, म्हणजे सेल्सच्या थरात व्हायरसने पाडलेली भोकं मोजायची पद्धत, हातात बसायला अजून थोडे. होतं ते सगळ्यांचं. मला तुला तिथल्या माणसांबद्दल सांगायचंय, कारण त्याचा कोर्स कुठे नसतो आणि ती सगळी माणसं एकमेकांच्या शब्दावर काम करत असतात.

शब्दावर म्हणजे अगदी खरोखर शब्दावर. तू उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून एक छोटीशी व्हायल काढशील, तिच्यावर व्हायरसचं नाव, पॅसेज नंबर (म्हणजे तो कितव्यांदा वाढवलाय), तारीख आणि कुणाची तरी आद्याक्षरं असतील. आत इन्फ्लुएन्झा आहे, आरएसव्ही म्हणजे लहान बाळांच्या छातीत बसणारा व्हायरस आहे, की नुसतंच मीडिया, म्हणजे सेल्सचं खाद्यपाणी आहे हे डोळ्यांना कळत नाही, सगळं तेच गुलाबीसर पाणी. ते लेबल खरं आहे एवढ्याच भरवशावर तू पुढचे तीन आठवडे घालवणार, आणि ज्याने ते लिहिलं तो माणूस कदाचित चार वर्षांपूर्वी लॅब सोडून गेलाय, त्याला विचारायचीही सोय नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की आपण लिहिलेलं लेबल कुणीतरी आपण नसताना वाचणार आहे, हे हाताला सवय लागेपर्यंत डोक्यात ठेव. साध्या पेनाने लिहिलेलं अल्कोहोल लागलं की पुसतं, टोपणावर लिहिलं तर टोपणं बदलतात. ट्यूबच्या अंगावर लिही, फ्रीझरला टिकणाऱ्या मार्करने किंवा छापील लेबलवर.

हे फार बारीकसारीक वाटेल तुला, पण बघ, २००१ साली नेदरलँड्समधल्या एका ग्रुपने ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस हा नवा व्हायरस जगाला दाखवला. कसा सापडला? २८ लहान मुलांच्या नाकातून घेतलेली सॅम्पल्स होती, २० वर्षांच्या काळात जमत गेलेली, मुलांना खोकला, धाप, आरएसव्हीसारखंच सगळं पण एकही टेस्ट पॉझिटिव्ह नाही. कुणीतरी ती टाकून दिली नाहीत. कुणीतरी दरवेळी नंबर घातला, तारीख घातली, फ्रीझर बदलला तेव्हा ती दुसरीकडे हलवली. मग जुनं साठवलेलं रक्ताचं सीरम काढून तपासलं तर १९५८ सालच्या सीरममध्येसुद्धा या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडीज निघाल्या, म्हणजे तो माणसांत ४० हून जास्त वर्षं फिरत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. पेपरवर संशोधकांची नावं आहेत आणि ती हवीतच, पण मी तो पेपर वाचते तेव्हा मला त्या २० वर्षांत फ्रीझर सांभाळणारी माणसं दिसतात.

आणि उलटंही झालंय. आरएसव्ही वाढवायला हेप-टू नावाची सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या सेल्सची एक जात, वर्षानुवर्षं वापरली जाते, ती स्वरयंत्राच्या कॅन्सरमधून आलेली म्हणून ओळखली जायची. नंतर कळलं की त्या सेल्स कधीतरी हेला सेल्सने गिळून टाकल्यात, म्हणजे बाटलीवर नाव एक आणि आत भलतंच. १९६० च्या दशकात स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या नावांच्या बऱ्याच सेल लाइन्सची हीच गत आहे, तेव्हा लोकांना ते पचलं नाही, स्वाभाविक आहे, कुणाची दहा वर्षं त्यावर उभी होती. आणि त्या हेला सेल्स तरी कुणाच्या, १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या ट्यूमरमधून त्यांना न विचारता घेतलेल्या. म्हणजे तू फ्लास्क उघडशील ना, त्यात एक माणूस आहे, हेही कधीतरी क्षणभर मनात येऊ दे.

आता लॅबमधली माणसं सांगते. पीआय किंवा तुझे गाईड, त्यांच्याबद्दल तुला सगळेच सांगतील म्हणून मी थोडक्यात आटपते: त्यांच्या डोक्यावर ग्रँटचं ओझं असतं, त्यांना वेळ नसतो, आणि त्यांच्यापर्यंत जायचं तर दोन आकडे आणि एक प्रश्न घेऊन जा, तीस स्लाइड्स घेऊन जाऊ नकोस. पेपरवर नाव कुणाचं कुठे येणार हे काम सुरू व्हायच्या आधी विचारून घे, संकोच करू नकोस, नंतर विचारलं की दोघांनाही अवघड जातं. बस.

ज्यांच्याबद्दल सांगायला मला जास्त आवडेल त्या म्हणजे लॅब मॅनेजर. आमच्याकडे एक मॅडम होत्या, पीएचडी नव्हती त्यांची, पण वीसेक वर्षं त्यांनी एमडीसीके सेल्स सांभाळल्या होत्या. या सेल्स १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या किडनीतून काढलेल्या, आणि इन्फ्लुएन्झा यांच्यावर छान वाढतो, पण एक अट आहे, मीडियात ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम लागतं. व्हायरसच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रोटीन कापलं गेल्याशिवाय तो पुढच्या सेलमध्ये शिरू शकत नाही, आपल्या श्वासनलिकेत ते कापायचं काम तिथलीच एन्झाइम्स करतात, प्लेटमध्ये आपण बाहेरून द्यायचं. आणि गंमत अशी की सेल्स वाढवताना आपण जे सीरम घातलेलं असतं ते ट्रिप्सिनला निकामी करतं. प्रोटोकॉलमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं होतं, सेल्स धुवा. मी एकदा धुतल्या. प्लाक्स आलेच नाहीत, म्हणून टायटर, म्हणजे व्हायरसचं प्रमाण, शून्य धरून मी नवा व्हायरस मागवायच्या तयारीत. मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली, म्हणाल्या व्हायरस ठीक आहे, तू किती वेळा धुतलंस? मी म्हटलं एकदा. म्हणाल्या दोनदा धुवायचं, आणि पीबीएस, म्हणजे ते धुवायचं खारं पाणी, वेलच्या, म्हणजे प्लेटमधल्या खळग्याच्या, भिंतीवरून सोडायचं, मधोमध सोडलंस तर सेल्सचा थर सोलून निघतो. पुढच्या वेळी ४० प्लाक्स आले, जांभळ्या स्टेनमध्ये स्वच्छ गोल पांढरी भोकं, मोजता येतील अशी. ही गोष्ट कुठल्याच पेपरच्या मेथड्समध्ये मिळाली नसती. तर पहिल्या आठवड्यात अशी व्यक्ती तुझ्या लॅबमध्ये कोण आहे ते शोध, प्रत्येक लॅबमध्ये असतेच, आणि तिच्या शेजारी उभं राहून नुसते हात बघ.

आणि त्यांनी सांगितलेलं वहीत लिहून ठेव, पाठ होईल म्हणून सोडू नकोस, कारण ती माणसं रिटायर होतात आणि सोबत सगळं घेऊन जातात.

आता मला जे लिहायला जड जातं ते लिहिते, पण त्याच्यासाठीच हे पत्र आहे. माझं दुसरं वर्ष. आमच्याकडे पीबीएसची एक मोठी बाटली दोघी-तिघींत मिळून होती, तसं असायला नको पण होतं. एका संध्याकाळी घाईत मी व्हायरस लागलेल्या वेलमध्ये जाऊन आलेलं पिपेट परत त्या बाटलीत घातलं. खरं तर मला तेव्हाच जाणवलं, पण मी स्वतःला समजावलं की टोक टेकलं नसेल. तिसऱ्या दिवशी माझ्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे ज्यात व्हायरस घातलाच नव्हता त्यात, प्लाक्स दिसले. दोन होते, फक्त दोन. मी कुणालाही सांगितलं नाही, म्हटलं आधी परत करून बघू, माझंच काहीतरी चुकलं असेल, उगीच कशाला बोभाटा.

शेजारच्या बेंचवर आमच्या पोस्टडॉकचं काम चालू होतं. ती नाकाच्या सेल्सचे कल्चर्स वाढवत होती, डोनर्सनी दिलेल्या सेल्स, एका बारीक जाळीवर पेरायच्या, खालून मीडिया आणि वरून हवा, मग तीन-चार आठवडे रोज-दिवसाआड मीडिया बदलत बसायचं, रविवार असो नाहीतर सुट्टी. हळूहळू त्या सेल्सना कळतं की आपण नाकात आहोत. वर म्यूकस येतो, सिलिया, म्हणजे हलणारे बारीक केस, उगवतात. एकदा तिने मला हाक मारून मायक्रोस्कोपखाली दाखवलं होतं, सगळा थर एका तालात थरथरत होता आणि वरचा म्यूकस सावकाश गोल गोल फिरत होता, मी कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही. इन्फेक्ट करायच्या आधी तो म्यूकस धुवावा लागतो. तिने त्याच बाटलीतल्या पीबीएसने धुतला. मी गप्प बसले होते त्या दोन दिवसांत.

तिच्या मॉक कल्चर्समध्ये, म्हणजे ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं त्यांच्यात, इन्फ्लुएन्झा निघाला. चार आठवडे गेले, आणि त्या डोनरच्या सेल्स तेवढ्याच होत्या. तेव्हा मी सांगितलं. ती ओरडली नाही, तिने वहीत तारीख आणि बाटलीचा लॉट नंबर लिहिला आणि मग एवढंच विचारलं, तुला कधी कळलं? मी खरं सांगितलं. त्यावर ती काहीच बोलली नाही आणि मला आजही ते शांत बसणं आठवतं. पिपेट चुकलं त्याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही, पिपेट कुणाचंही चुकतं. पण कितीतरी महिने ती माझ्या हाताने बनवलेलं काही वापरायची नाही, स्वतः परत बनवायची, आणि ते बरोबरच होतं तिचं.

म्हणून तुला हात जोडून सांगते, निगेटिव्ह कंट्रोलमध्ये काही दिसलं तर त्याच तासाला सांग. कारण शोधून मग सांगू असं करू नकोस, कारण नंतर शोधता येतं. मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आधी बाटल्यांवर पट्टी लाव, वापरू नका असं लिही, मग विचार करत बस. पीसीआर, म्हणजे व्हायरसच्या जनुकाच्या कॉपीज बनवून तो शोधणं, करत असशील तर तिथे हे अजून बिकट आहे, एका ट्यूबमध्ये बनलेल्या कोट्यवधी कॉपीज हवेतून, ग्लोव्हजवरून, पिपेटच्या दांड्यातून दुसरीकडे जातात, म्हणून मास्टर मिक्स, म्हणजे पीसीआरसाठीचं तयार मिश्रण, एका खोलीत आणि पीसीआर झालेल्या ट्यूब्ज दुसऱ्या खोलीत, आणि उलट दिशेने कधीच जायचं नाही. सीटी, म्हणजे कितव्या फेरीत सिग्नल दिसला तो आकडा, ३८ आलं तर ते पॉझिटिव्ह की कचरा हे मशीन तुला सांगणार नाही, त्या दिवशी काय काय कुठून कुठे गेलं होतं हे तुझ्या वहीत असेल तरच कळेल.

आणि हे फक्त वाया गेलेल्या प्लेट्सपुरतं नाहीये. २००३ साली सार्सची साथ थांबल्यावर सप्टेंबरात सिंगापूरमध्ये एक विद्यार्थी सार्सने आजारी पडला. तो सार्सवर काम करतच नव्हता, त्याचं काम वेस्ट नाईल व्हायरसवर होतं. नंतरच्या तपासात निघालं की त्याच्या सॅम्पलमध्ये लॅबमधलाच सार्सचा व्हायरस मिसळला होता. बाटलीवर एक नाव, आत दोन व्हायरस. तो बरा झाला, त्याच्यापासून पुढे कुणाला झालं नाही, पण मी प्रत्येक नव्या मुलाला हे सांगते, कारण त्याची स्वतःची काय चूक होती? त्याने लेबलवर विश्वास ठेवला, जसा तू ठेवशील, जसा मी रोज ठेवते.

बायोसेफ्टी ऑफिसर म्हणून जी व्यक्ती असेल तिच्याशी आधीपासून ओळख करून घे. मुलं त्यांना घाबरतात, पोलीस समजतात, त्यामुळे ग्लोव्ह फाटलं, डोळ्यात काही उडालं, मास्क सरकला, की आधी लपवायची बुद्धी होते. सीझनल फ्लू, आरएसव्ही हे काम बायोसेफ्टी लेव्हल टू मध्ये चालतं, एच-फाइव्ह-एन-वन हा बर्ड फ्लू किंवा कल्चर केलेला कोविडचा व्हायरस म्हटलं की लेव्हल थ्री, आणि तिथे बहुतेक ठिकाणी जोडीने आत जायचा नियम असतो. तो जोडीदार तुझ्यावर लक्ष ठेवायला नसतो, तुझं ग्लोव्ह तुला दिसत नाही त्या बाजूने त्याला दिसतं म्हणून असतो. काही झालं की हात तिथेच थांबव, जोडीदाराला सांग, मग दोघं मिळून जे ठरलेलं आहे ते करा. एकट्याने धावत बाहेर यायचं नाही.

याचं मला फार आवडतं उदाहरण जुनं आहे. माणसातला इन्फ्लुएन्झा व्हायरस १९३३ साली विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या प्राण्यात वाढवून दाखवला. पुढे काम करताना एक फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या त्यांच्या सहकाऱ्याच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, साधा फ्लूच तर. त्यांनी स्वतःच्या घशातून व्हायरस काढून तपासला आणि १९३६ मध्ये स्मिथबरोबर त्याचाच पेपर लिहिला, फेरेटकडून माणसाला इन्फ्लुएन्झा होतो म्हणून. लॅबमध्ये घडलेला अपघात वहीत उतरला म्हणून तो पुरावा झाला.

फेरेटवरून आठवलं, प्राण्यांचा विभाग सांभाळणारी माणसं. तुझं ॲनिमल वर्क नसलं तरी जाऊन भेट. आमच्याकडचा एक केअरटेकर सकाळी दार उघडायच्या आधी थांबून ऐकायचा, आत शिंक ऐकू आली की वहीत वेळ टाकायचा आणि मगच आत जायचा, आमच्या एक्सपेरिमेंटचा सगळ्यात पहिला डेटा तोच असायचा, आणि आम्ही मात्र दोन दिवसांनी वजनं बघून म्हणायचो की इन्फेक्शन लागलंय. फेरेटला माणसाचा फ्लू लागतो हे लक्षात ठेव, म्हणजे आपल्याला सर्दी झाली असेल तर आपण तिकडे जायचं नाही, कितीही महत्त्वाचा दिवस असू दे. त्या केअरटेकरनेच एकदा एका सीनियर सायंटिस्टला दारातून परत पाठवलं होतं, नाक लाल दिसतंय तुमचं, आज नाही. आणि ते गेलेही परत. दोघांचंही मला फार कौतुक वाटलं.

मग सॅम्पल घेणाऱ्या नर्सेस. एक दिवस त्यांच्याबरोबर घालव, गाईड नाही म्हणाले तरी मागे लाग. तुझ्या एक्सेलमध्ये जी एक ओळ असते, वय १४ महिने, लक्षणं सुरू होऊन तिसरा दिवस, ती ओळ तिथे कशी तयार होते ते बघ. बाळ रडत असतं, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात असते, आई रात्रभर जागी, आणि त्यात नर्सने तिला समजावून सांगायचं की ही एक जादा काडी आम्ही रिसर्चसाठी नाकात घालणार आहोत, तुमच्या बाळाला याचा आज काही फायदा नाही, नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही. आणि ती आई हो म्हणते. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्यानंतर माझ्या हातून ट्यूब बाहेर राहून गेली असं झालं नाही कधी, कारण आरएसव्ही नाजूक असतो, उबेत पडून राहिला किंवा दोन-तीनदा वितळवून गोठवला की मरतो, आणि मग त्या आईचं हो वाया.

आरएसव्हीचं काम करणार आहेस तर एक इतिहास तुला माहीत असायलाच हवा. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन बघितली होती. संरक्षण मिळण्याऐवजी उलटं झालं, एका गटात लस मिळालेल्या आणि नंतर इन्फेक्शन झालेल्या बाळांपैकी ८० टक्के हॉस्पिटलमध्ये गेली, लस न मिळालेल्यांत ते प्रमाण ५ टक्के होतं, आणि दोन बाळं दगावली. हे सगळं १९६९ साली छापलं गेलं, आकड्यांसकट. किती जड गेलं असेल ते लिहिणं, मी कल्पनाच करू शकते. पण ते लिहिलं गेलं म्हणून पुढच्या माणसांनी विचारलं की नक्की काय बिघडलं, आणि हळूहळू कळलं की व्हायरसच्या अंगावरचं एफ प्रोटीन सेलला चिकटण्याआधी एका आकारात असतं आणि नंतर आकार बदलतं, आणि त्या लसीने शरीराला बदललेला, चुकीचा आकार शिकवला होता. तो आधीचा आकार २०१३ साली मॅक्लेलन, ग्रॅहम आणि क्वाँग यांच्या टीमने टिपला, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीच्या पहिल्या लसीला मान्यता मिळाली, म्हाताऱ्या माणसांसाठी. मध्ये ५० हून जास्त वर्षं गेली. तुझा एखादा एक्सपेरिमेंट उलटा आला ना, की हा १९६९ चा पेपर काढून वाच, आणि मग तुझा उलटा निकाल लॅब मीटिंगमध्ये पहिल्या स्लाइडवर ठेव, शेवटच्या नको.

कॉम्प्युटरवर बसणारी माणसं हल्ली प्रत्येक लॅबमध्ये असतात, सीक्वेन्सिंगचा डेटा त्यांच्याकडे जातो. त्यांच्याशी नीट वाग, म्हणजे त्यांना तारखा एकाच पद्धतीने लिहून दे, अर्ध्या शीटमध्ये दिवस आधी आणि अर्ध्यात महिना आधी असलं करू नकोस, आणि त्यांनी विचारलं हे सॅम्पल दोनदा का आहे तर चिडू नकोस, बहुतेक वेळा ते बरोबर असतात. ऑटोक्लेव्ह चालवणारा जो माणूस असतो, कचरा १२१ डिग्रीवर मारून बाहेर काढणारा, त्याच्याशीही असंच. त्याला पिशवीत काय आहे ते खरं सांगायचं, सुई आहे तर सुई आहे म्हणायचं. तो पिशवी उघडून बघत नाही, तुझ्या शब्दावर उचलतो.

आणि एक बाई सांगायच्या राहिल्या, जून अल्मेडा. तुला कधी वाटलं ना की आपण मोठ्या कॉलेजचे नाही, आपल्याला कोण विचारणार, तर त्यांच्याबद्दल वाच. स्कॉटलंडच्या, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर असा हात बसला की लोक त्यांच्याकडे सॅम्पल्स पाठवायला लागले. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या कॉमन कोल्ड युनिटच्या डेव्हिड टायरेल यांच्याकडे सर्दीचा एक व्हायरस होता, एका शाळकरी मुलाच्या नाकातून आलेला, बी-८१४ नंबरचा, तो नेहमीच्या सेल्सवर वाढेचना, शेवटी श्वासनलिकेच्या तुकड्यांवर वाढला. टायरेलनी तो अल्मेडांकडे दिला. त्यांनी बघितलं आणि ओळखलं की असं आपण आधी पाहिलंय, कोंबड्यांच्या ब्रॉन्कायटिसमध्ये आणि उंदरांच्या हिपॅटायटिसमध्ये, तेव्हा समीक्षकांनी त्यांचा त्यावरचा पेपर परत पाठवला होता, हे तर इन्फ्लुएन्झाचे खराब फोटो आहेत म्हणून. त्यांनी फोटो जपून ठेवले होते. १९६८ मध्ये या सगळ्यांच्या गटाला कोरोनाव्हायरस हे नाव मिळालं. टायरेल मोठे माणूस होतेच, पण त्यांनी व्हायरस दुसऱ्या माणसाच्या हातात दिला आणि ती काय म्हणते ते ऐकून घेतलं, हे मला जास्त मोठं वाटतं. तुझं सॅम्पल अडलं की दुसऱ्या खोलीत घेऊन जा. लपवून ठेवू नकोस बेंचखाली.

वाचायचं काय ते शेवटी सांगते, कारण तू तेच विचारलं होतंस. लॅबचे गेल्या पाच वर्षांचे पेपर्स वाच, पण मेथड्स आधी आणि शेवटची आभाराची ओळ नक्की. आभारात ज्यांची नावं आहेत त्यांना पहिल्या आठवड्यात जाऊन भेट. बाकी राहू दे.

दमशील, ते सांगायला हवं. कल्चर्सना रविवार कळत नाही, फ्रीझरचा अलार्म रात्री अडीचला वाजतो. लेव्हल थ्रीमध्ये चार तास मास्क लावून बाहेर आलं की नाकावर खूण दिवसभर राहते. दमलेलं असताना व्हायरस उघडू नकोस, हा माझा स्वतःचा नियम आहे, प्रोटोकॉलमध्ये नाही. माझं ते पिपेट संध्याकाळी सातला चुकलं होतं आणि मी सकाळी सातपासून उभी होते. उद्या करते असं म्हणायला लाजू नकोस, आणि कुणी दुसरं म्हणालं तर त्याला नावं ठेवू नकोस.

जॉईन झाल्यावर पहिल्या काही दिवसांत तुझी मास्कची फिट टेस्ट होईल. डोक्यावर एक हूड चढवतात, आत कडू चवीचा फवारा मारतात, मान वळव, वर बघ, खाली बघ, मोठ्याने वाच असं करायला सांगतात. मास्क नीट बसला असेल तर चव लागत नाही. बाहेर दहा जणांची रांग असेल, टेस्ट घेणारी व्यक्ती घाईत असेल, मागचा म्हणत असेल माझं तर एका मिनिटात झालं, आणि तुला अगदी किंचित, जिभेच्या टोकाला, लागलंय की नाही असं वाटेल. लागलं तर हात वर कर आणि कडू लागतंय म्हणून सांग. दुसरा साइज देतील, परत बसवतील, परत फवारतील. मला तिसऱ्या साइजला बसला होता.

झाली टेस्ट की कळव.

तुझी,
मॅडम